अकराव्या ट्रेमधली रेघ

९ सप्टेंबर. आजचं काम: बारा ट्रे घासून, धुऊन उपडे घालणे. साबण चालत नाही. गरम पाणी आणि नायलॉनचा ब्रश. साबणाचा अंश कोपऱ्यात राहिला तर जानेवारीत येणारी अंडी त्याने दगावतील आणि दोष गाळाला जाईल. गाळाने न केलेलं त्याच्या माथी मारायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. त्याने केलेलं पुरेसं असतं.

चार झाले. बाकीचे भिजताहेत तोवर हे लिहायला बसले आहे. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई तीन वर्षं मागे लागल्या आहेत, "तुमचं काम किती वेगळं आहे हो, लिहा ना." वेगळं म्हणजे एवढंच, की मी सिंगापूरमध्ये बसून सॅमन माशाच्या अंड्यांवर चिखल टाकते आणि त्यांतली किती जगतात ते मोजते. कुणाकडे जेवायला गेलं आणि हे सांगितलं, की दोन प्रश्न येतात. सिंगापूरमध्ये सॅमन कुठून आला? आणि, उरलेली अंडी तुम्ही खाता का?

सॅमन इथे नाही. इथल्या ओढ्याचं पाणी त्याला कढत वाटेल. अंडी थंड देशांतून विमानाने येतात, ओल्या फडक्यावर मांडून, वर बर्फ ठेवून. आणि नाही, आम्ही ती खात नाही. माझी मुलगी रेवा सुशीच्या दुकानात भातावर घातलेली तीच अंडी खाते आणि मला चिडवते, "मा, युअर क्लायंट्स आर डिलिशस."

मी मूळची मातीवाली. सोलापूरला सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि पुण्यात धरणांची माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागले. धरणाच्या पोटात जी चिकणमाती भरतात तिच्यातून पाणी झिरपता कामा नये. झिरपतं की नाही ते मी बघायचे. मग मिलिंदच्या, म्हणजे नवऱ्याच्या, नोकरीमागून इथे आले. वर्षभर डिपेंडंट पासवर, म्हणजे त्याच्या परवान्याच्या आधारावर, घर सांभाळलं, कंटाळले, आणि माती-पाणी तपासणाऱ्या एका कंपनीत अर्ज टाकला. नोकरी का हवी असं मुलाखतीत विचारलं तेव्हा मी सांगितलं, चोआ चू कांगच्या आमच्या ब्लॉकखालून बस थेट इथे येते. घेतलं त्यांनी. तेव्हापासून उलटं काम करते आहे: पाणी झिरपायला हवं, माती ते अडवते का ते बघायचं.

हत्यारं साधी आहेत. एकावर एक रचलेल्या चाळण्या, वर मोठ्या भोकांची, खाली बारीक. नदीच्या तळाचा नमुना वाळवून वरून ओतायचा आणि हलवायचा. वर गोटे राहतात, मग भरडा, मग रवा, आणि सगळ्यात खाली मैदा. तो मैदा म्हणजे गाळ. आमचा सगळा संबंध त्याच्याशी.

गिऱ्हाइकं मात्र साधी नसतात. रस्ता बांधणारा एक जण बाटलीत चहाच्या रंगाचं पाणी घेऊन आला. म्हणाला, "नुसता रंग आहे, माती नाही, असं लिहून द्या." मी बाटली टेबलावर ठेवली आणि त्याला कॉफी दिली. त्याची कॉफी संपली तोवर बाटलीच्या तळाशी पेरभर थर बसला होता. दोघांनीही तो बघितला. "ओके लाह," म्हणाला, इथल्या इंग्रजीचं शेपूट लावून, आणि बाटली घेऊन गेला.

आता सॅमनचं. मादी नदीच्या तळातल्या गोट्यांत शेपटीने खड्डा करते, त्यात अंडी घालते आणि वरून गोटे लोटते. अंडं साबुदाण्याच्या मोठ्या दाण्याएवढं, केशरी. पुढचे काही महिने ते तिथेच, अंधारात. हवा कशी मिळते? गोट्यांच्या फटींतून पाणी वाहत असतं, ते प्राणवायू आणतं आणि घाण घेऊन जातं. खिचडी करणाऱ्या बाईला हे समजावून सांगायला नको. साबुदाणा सुटा असेल तर वाफ सगळीकडे फिरते. पाणी आणि कूट जास्त झालं की गोळा होतो, आणि गोळ्याच्या आत वाफ जात नाही. गाळ फटींत बसला की नदीच्या तळाचा असा गोळा होतो. अंडी गुदमरतात. गाळ फारच बारीक असेल तर तो थेट अंड्याच्या सालीवर बसतो. अंडं त्या सालीतूनच श्वास घेत असतं.

यातूनही जी फुटतात त्यांचं पुढे आणखी एक आहे. अंड्यातून निघालेलं पिल्लू लगेच वर येत नाही. त्याच्या पोटाला बलकाची पिशवी असते, ती शिदोरी संपेपर्यंत ते गोट्यांतच राहतं. संपली की भूक लागते आणि ते फटीफटीने वर निघतं. तोवर गोट्यांवर, दुधावर धरावी तशी, गाळाची साय धरलेली असेल तर पिल्लू तिला खालून डोकं लावतं. साय जाड असेल तर प्रवास तिथेच संपतो.

हे सगळं आम्ही कोल्ड रूममध्ये बघतो. आत आठ अंश आणि काळोख, कारण गोट्यांखाली काळोख असतो. कपाळाला लाल दिवा बांधून काम करायचं. बाहेर बत्तीस अंश. मी स्वेटर घालून बाहेर आले की चष्म्यावर वाफ धरते आणि दारावरच्या गार्डला रोज नव्याने हसू येतं.

आत माझ्यासोबत सेल्वम अण्णा. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, इथेच जन्मलेले तमिळ, कंपनीतले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. निवृत्तीचं वय उलटल्यापासून त्यांचं काँट्रॅक्ट दर एप्रिलअखेर एकेका वर्षाने वाढतं. आम्ही बोलतो इंग्रजीत, पण हाका आपापल्या: ते मला अम्मा म्हणतात, मी त्यांना अण्णा. अंडी आली की गोट्यांत पुरण्याआधी आम्ही ती निवडतो, तांदूळ निवडावेत तशी. मेलेलं अंडं पांढरं पडतं आणि त्यावर बुरशी धरली की शेजारच्यालाही लागते, म्हणून ते काढायचं. अण्णा प्रत्येक पांढरं अंडं चिमट्यात धरून "पावम" म्हणतात. म्हणजे बिचारं. मी म्हणते, "अण्णा, बोलू नका, मोजा." ते म्हणतात, "अम्मा, मी तोंडाने बोलतो आणि डोळ्याने मोजतो. तुम्हाला एका वेळी एकच जमतं."

त्यांच्याबद्दल आणखी एक सांगितलं पाहिजे. आमच्या पहिल्याच हंगामात थंडीचं यंत्र बंद पडलं. दुरुस्तीवाला दुपारी येणार होता आणि पाणी तासाला एकेक अंशाने चढत होतं. मी फोनवर फोन करत राहिले. अण्णा समोरच्या फूड सेंटरमध्ये गेले आणि सरबतवाल्याचा सगळा बर्फ हातगाडीवर घालून घेऊन आले. तो पाण्यात टाकायला मी पिशवी फाडली तर माझा हात धरला. "नळाच्या पाण्याचा आहे, अम्मा. क्लोरीन." बांधलेल्या पिशव्याच पाण्यात तरंगत ठेवल्या. अंडी वाचली. नियम मला पाठ होते, पण त्या घटकेला ते आठवले अण्णांना.

आता मागच्या हंगामाकडे येते, कारण लिहायचं आहे ते त्याबद्दल.

काम धरणाचं होतं. देशाचं नाव सांगत नाही, करारच तसा आहे. तिथल्या एका जुन्या धरणात गाळ साठला होता आणि धरणवाल्यांना हिवाळ्यात खालचे दरवाजे उघडून तो नदीत सोडायचा होता. नेमक्या त्याच महिन्यांत खालच्या नदीच्या तळात सॅमनची अंडी असतात. नदीकाठच्या लोकांनी हरकत घेतली. बरंच भांडण झाल्यावर दोघांनी ठरवलं, की दोघांपैकी कुणाचीच नातेवाईक नसलेल्या प्रयोगशाळेत बघू. तिथलेच गोटे, तिथलाच गाळ, बारा ट्रे, प्रत्येकात शंभर अंडी. तीन ट्रे स्वच्छ, तिनांत थोडा गाळ, तिनांत मध्यम, आणि शेवटच्या तिनांत दरवाजे उघडल्यावर बसेल तेवढा. या शेवटच्या तिनांतून शंभरी सरासरी वीस किंवा जास्त पिल्लं आपापली वर आली, तर दरवाजे हिवाळ्यात उघडायचे. कमी आली, तर पिल्लं निघून जाईपर्यंत थांबायचं. असा लेखी ठराव झाला होता.

नदीकाठच्या लोकांच्या वतीने एक म्हातारे गृहस्थ पत्रव्यवहार करायचे. गोट्यांचा पहिला नमुना त्यांनीच पाठवला, दोन काचेच्या बरण्यांत, आणि फुटू नयेत म्हणून बरण्या लोकरीच्या मोज्यांत घातल्या होत्या. सोबत चिठ्ठी: "मोजे परत पाठवू नका. तुमची खोली थंड असते असं कळलं." मी ते मोजे धुऊन वापरायला काढले. हे मोजेवाले आजोबा दर सोमवारी एका ओळीची ईमेल करायचे: "आली का वर?"

धरणवाल्यांचाही एक माणूस पाहणीला येऊन गेला. कोटाच्या बाहीने काच पुसून त्याने विचारलं, "आमचे ट्रे कुठले?" मी म्हटलं, सगळेच. तो गाळाच्या ट्रेपुढे उभा असताना अण्णा म्हणाले, "मिस्टर, इफ आय कॅन, आय जस्ट ओपन फॉर देम." तो हसला. आमची वरिष्ठ, मिस ली, मागेच उभी होती. ती हसली नाही.

मार्चमधला एक रविवार. रविवारी एकानेच यायचं असे, पाळी माझी होती. पाण्याचं तापमान आणि प्राणवायू बघायचा, वर आलेली पिल्लं मोजून वेगळ्या टाकीत टाकायची, लॉगबुकात लिहायचं, की घरी. स्वच्छ ट्रेमधून रोज भरपूर पिल्लं वर येत होती. जास्त गाळाच्या तिनांत, म्हणजे दहा, अकरा आणि बारामध्ये, शांतता होती.

ट्रेची एक बाजू काचेची असते आणि तिच्यावर काळा पडदा. तो उचलून खाली काय चाललंय ते बघणं हाही कामाचा भाग. मी अकराव्याचा पडदा उचलला. काचेलगत, गाळाच्या सायीच्या बरोबर खाली, पिल्लं दाटली होती. पोटाच्या पिशव्या संपल्या होत्या. एक पिल्लू डोकं लावायचं, मागे यायचं, पुन्हा लावायचं. साय किंचित हलायची. मी बराच वेळ बघत राहिले. उजवा हात थर्मामीटर काढण्यासाठी पाण्यात होताच. तो खाली गेला आणि मी करंगळीने सायीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढली.

का, ते सांगता येत नाही. रेघ ओढायला फार तर दोन श्वासांचा वेळ लागला. हात पाण्यातच असताना पहिलं पिल्लू वर आलं आणि बोटाला घासून गेलं.

लॉगबुकात प्रत्येक ओळीला शेवटचा रकाना असतो: ट्रेला हात लावला का? मी लिहिलं, नाही. माझं अक्षर चांगलं आहे. ते "नाही" त्या पानावर फार सुबक दिसतं.

आणखी एक गोष्ट, जी वाचणाऱ्यांना आवडणार नाही. परदेशी मासा इथल्या पाण्यात सोडता येत नाही आणि परतही पाठवता येत नाही. चाचणी संपली की वर आलेली पिल्लंही संपवावी लागतात. त्यांना त्रास होणार नाही अशा औषधाने, पण संपवावी लागतात. हे मला रेघ ओढतानाही माहीत होतं.

मग मनाशी म्हटलं, एकच तर ट्रे आहे, सरासरीत जिरून जाईल. चाळणीवर आयुष्य काढलेल्या बाईने असं म्हणावं!

एप्रिलच्या मध्यावर पिल्लं वर येणं थांबलं. दहाव्या ट्रेमधून चार आली होती, बाराव्यातून सात. अकराव्यातून अठ्ठावन्न. मी आकडे तक्त्यात भरले आणि सरासरी आली तेवीस. वीसच्या वर. म्हणजे दरवाजे उघडा. करंगळीने मी अठ्ठावन्न पिल्लं सोडवली होती, तीही मरणारच होती, आणि त्यापायी एका नदीतली सगळी पुरायला निघाले होते.

तक्ता मिस लीकडे गेला आणि त्याच आठवड्यात गुरुवारी तिने मला बोलावलं. ती माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे आणि तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"वंदना, अकरावा ट्रे विचित्र आहे, ना?"

"आहे."

"कुणीतरी साय फोडली आहे. अंकल सेल्वम, राइट?"

मी गप्प राहिले. बोलायची जागा खरं तर तीच होती.

"क्लायंटसमोर काय बोलला ते आठवतं ना? सकाळी मी विचारलं त्याला. म्हणतो, आय नेव्हर टच. पण दुसरं कोण असणार? तुझ्या नोंदी तर..." तिने लॉगबुक फिरवून माझ्यापुढे सरकवलं. "तुझ्या नेहमीच क्लीन असतात."

"मग आता?"

"आता काय लाह. त्याचं काँट्रॅक्ट महिनाअखेर संपतंय, वाढवणार नाही. कारण लिहायलाही लागत नाही. अकरावा ट्रे वगळू आणि रिपोर्ट पाठवू. उद्या फायनल करते."

मी बाहेर आले आणि चालता चालता हिशेब केला. अकरावा ट्रे वगळला तर सरासरी साडेपाच. दरवाजे बंद राहतात, नदी वाचते. माझं "नाही" तसंच राहतं. जातात फक्त अण्णा, आणि तेही आवाज न होता. इतकी सोयीची वाट मला नोकरीत कधी कुणी दाखवली नव्हती.

अण्णा मागच्या सिंकवर चाळण्या धूत होते.

"अण्णा, लीने तुम्हाला विचारलं म्हणे."

"येस, मॅडम."

अकरा वर्षांत पहिल्यांदा मॅडम.

"मग काय सांगितलंत?"

"हात लावला नाही, हे सांगितलं. दुसरं काय सांगू?" चाळणी उलटी करून त्यांनी नळाखाली धरली. "त्या सोमवारी सकाळी मी आलो. अकराव्याचा पडदा उचलला. सायीवर रेघ. एवढी बारीक." मग हात पुसून दोन्ही पंजे माझ्यापुढे धरले. वर्षानुवर्षं गोटे आणि पोती उचलून बोटं जाड झालेली, पेरं सुजलेली. "या बोटाची रेघ तशी येईल, मॅडम?"

"तुम्ही ते लिहिलं का नाहीत?"

"मला वाटलं, जिचं बोट आहे ती लिहील. तिचं लॉग फार स्वच्छ असतं, सगळे म्हणतात."

ते पुढे म्हणाले, "घरी बायको विचारेल, व्हाय दे नेव्हर रिन्यू? काय सांगू तिला? फिश?"

"अण्णा..."

"मला पण वाटायचं," ते म्हणाले. आता आवाज खाली आला होता. "रोज वाटायचं. पडदा उचलला की वाटायचं, जस्ट ओपन. तोंडाने बोलायचो म्हणून हाताने करत नव्हतो. तुम्ही कधी बोललाच नाहीत."

आणि नळ पुन्हा सोडला.

संध्याकाळी जेवताना मी घरी सगळं सांगितलं. मिलिंदने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण रिपोर्ट तर बरोबरच जाईल ना?"

"जाईल."

"मग?"

"मग अण्णाही जातील."

त्याने भाजीचं भांडं माझ्याकडे सरकवलं. रेवा फोनमधून डोकं वर काढून म्हणाली, "मा, जस्ट टेल हर, लाह. वर्स्ट केस काय?"

"वर्स्ट केस नोकरी जाईल. कामाचा पासही जाईल."

"ओह." तिने फोन उपडा ठेवला. मग म्हणाली, "पण अंकलने ते बर्फवालं केलं होतं ना? यू ऑलवेज टेल दॅट स्टोरी." आणि मराठीत पुढे म्हणाली, "ती गोष्ट मग तू सांगू नकोस."

एकोणीस वर्षांची मुलगी इंग्रजी सोडून मराठीत बोलली की ते मनापासून असतं, हे मला माहीत आहे.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, ते कोरडं आहे. नोकरी राहिली. लेखी ताकीद मिळाली, ती फाइलमध्ये आहे. दोन्ही बाजूंना मी सही करून कळवलं, की अकराव्या ट्रेला हात कुणी आणि कधी लावला. धरणवाल्यांनी अख्खी चाचणीच रद्द धरायला लावली. त्यांचा तो हक्क होता. म्हणून जानेवारीत पुन्हा अंडी येणार आहेत, आणि निकाल लागेपर्यंत दरवाजे बंद. या वेळी शेवटच्या तीन ट्रेमधून किती येतील ते मला माहीत नाही, आणि अंदाज बांधायचा नाही. मोजेवाल्या आजोबांनी एकच प्रश्न विचारला: "त्या अठ्ठावन्नांचं काय झालं?" मी खरं ते कळवलं. त्यानंतर दोन सोमवार त्यांची ईमेल आली नाही. तिसऱ्या सोमवारी आली, हवेबद्दल. रविवारी आता दोघांनी मिळून यायचं असतं. अण्णांचं काँट्रॅक्ट वाढलं. आत्ता ते आठवा ट्रे घासताहेत आणि मी नुसती लिहीत बसले म्हणून कुरकुरताहेत. त्यांनी मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. अकरा वर्षांत आम्ही एकमेकांना असं काही विचारलं नव्हतं.

तर त्या गुरुवारनंतरची सकाळ. मी नेहमीपेक्षा एक बस आधी पकडली. मिस ली दोरीच्या पिशवीतली कोपी, म्हणजे इथली कॉफी, बोटाला अडकवून केबिनचं दार उघडत होती. मी दारातच म्हटलं, "साय मी फोडली. मार्चमधल्या रविवारी. लॉगमधलं नाही खोटं आहे. सेल्वमनी हात लावलेला नाही." बसमध्ये पाठ करत आले होते.

ती खाली बसली. कोपी टेबलावर ठेवली, तर पिशवी कलंडायला लागली म्हणून पुन्हा हातात धरली.

"व्हाय?"

"माहीत नाही."

"वंदना, रिपोर्टमध्ये 'माहीत नाही' लिहिता येत नाही."

"मग हात लावला, एवढंच लिहिते."

तिने लॉगबुक माझ्याकडे दिलं. आमच्याकडे नोंद खोडता येत नाही. तिच्यावरून एक आडवी रेघ मारून बाजूला खरं लिहायचं, तारीख आणि सही करायची. मी ते केलं. ती म्हणाली, "अंकलना मी स्वतः सॉरी म्हणेन. तू जा आता, मला फोन करायचे आहेत."

मी स्वेटर घालून कोल्ड रूममध्ये गेले. त्या दिवशी दहावा ट्रे उपसायचा होता. चाचणी संपली की गोटे काढून आत अडकलेल्यांची मोजणी करावी लागते. अण्णा आधीच येऊन बसले होते. मी म्हटलं, "लीला सांगून आले." त्यांनी ट्रेची दुसरी बाजू धरा, अशी हाताने खूण केली.

पाणी हळूहळू काढलं. मग दोघांनी दोन बाजूंनी पाती घालून गाळाची साय अख्खी सोडवली आणि धिरडं उलटावं तशी उलटली. लाल उजेडात आधी काही दिसेना. मग दिसलं. खालच्या बाजूने, सायीला लागून, पिल्लं होती. दाटीने, एकमेकांना टेकून उभी. सगळ्यांची तोंडं वर.

अण्णांनी चिमटा माझ्या हातात दिला आणि लॉगबुक स्वतःकडे ओढून घेतलं. मी एकापासून मोठ्याने मोजायला सुरुवात केली.